ट्रोल्सच्या माहेरी

‘डोन्ट फीड द ट्रोल्स!’

एका आठवड्यात हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला, की शेवटी शेवटी सल्ला देणाऱ्यांचाच राग यायला लागला.

झालं होतं असं. २०२२ च्या गणपतीत मी एक हलकाफुलका लेख लिहिला होता. विषय काय, तर मोदक! माझ्या आईने आयुष्यभर नोकरी केली, सकाळची ७.५२ कधी चुकवली नाही. मोदकाच्या पाकळ्या पाडत बसायला तिला वेळ कुठला? आमच्याकडे मोदक साच्यातले असतात आणि बाप्पा ते मजेत खातो, असं मी लिहिलं. सोबत आईचा फोटो. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी उठून फोन बघितला, तर नोटिफिकेशन्सचा ढीग. पहिल्या दहा-बारा वाचून मी हसले. ‘आळशी’, ‘हिला पत्रकार कोणी केलं’ वगैरे. मग माझ्या आडनावावरून सुरू झालं. मग आईवर. कुणीतरी आईचा फोटो उचलून त्यावर जे लिहिलं, ते इथे छापण्यासारखं नाही. मग कुठून तरी तिचा मोबाइल नंबर मिळवला गेला. आठ दिवसांनी सगळी धाड दुसऱ्या कुणाकडे तरी वळली. पण तोवर आईने व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी काढून टाकला होता आणि अनोळखी नंबर दिसला की ती फोन उलटा करून ठेवायला लागली होती. आणि मी? मी पुढचे कित्येक महिने हॉटेल्स आणि हँडबॅग्जवर लिहीत राहिले. कुणाला राग येणार नाही असं.

त्यामुळे पुढच्या वर्षी ऑस्लोची मावसबहीण फोनवर म्हणाली, ‘ये की इकडे, तुला खरे ट्रोल्स दाखवते,’ तेव्हा मी आधी फोन ठेवून दिला. मग सेव्हिंग्ज मोजली. आणि मग तिकीट काढलं.

ऑस्लोत ट्रोल शोधावा लागत नाही. कार्ल योहान हा तिथला मेन रस्ता. एका टोकाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या टोकाला राजवाडा आणि मधल्या सुव्हेनिअर शॉप्सच्या दारात माणसाएवढे ट्रोल्स. काकडीसारखं नाक, पिंजारलेले केस, मागे गाईसारखी शेपटी, हातात नॉर्वेचा झेंडा. टुरिस्ट त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. मी लांबच उभी. खरं सांगते, त्या दिवसांत नुसता तो शब्द ऐकला तरी पोटात खड्डा पडायचा. आणि इथे हा दात विचकून स्वागताला!

‘हा झेंडेवाला सोड,’ बहीण म्हणाली. ‘खरा घरी पुस्तकात आहे.’

पुस्तकाची गोष्ट इंटरेस्टिंग आहे. चार शतकांच्या डेन्मार्कच्या राज्यातून नॉर्वे १८१४ मध्ये सुटला आणि लगेच स्वीडनच्या राजाखाली गेला. आपलं म्हणून काय आहे, हा प्रश्न उरलाच. १८४० च्या दशकात पेटर क्रिस्टेन आस्ब्योर्नसन आणि योर्गेन मू या दोन मित्रांनी खेड्यापाड्यांतल्या तोंडी गोष्टी गोळा करून छापल्या. त्यातला मू पुढे चक्क बिशप झाला. या गोष्टींमध्ये ट्रोल्सची रेलचेल. पुढे थिओडोर किटेल्सन आणि एरिक वेरेनशॉल्ड या चित्रकारांनी त्यांना चेहरा दिला. दुकानाच्या दारातला ट्रोल मुळात या चित्रांचाच नातू आहे, फक्त नातवाला प्लास्टिकचं तेज आलंय.

किटेल्सनचे ट्रोल्स बघून मी गप्पच झाले. त्याचा ट्रोल म्हणजे जवळजवळ डोंगरच. डोक्यावर झाडं उगवलेली, अंगावर शेवाळ. एका चित्रात ट्रोल नुसता बसलाय आणि आपलं वय किती झालं असेल याचा विचार करतोय. दुसऱ्यात तो थेट कार्ल योहानवर आलाय आणि खाली माणसांची पळापळ. भीती वाटते, पण दयासुद्धा येते. इतका मोठा, इतका एकटा, आणि डोक्याने... जाऊ दे.

या ट्रोल्सचं गाव बघायचं तर रोम्सडाल गाठायचं. ऑस्लोहून डोम्बोसपर्यंत एक ट्रेन, तिथून राउमा लाइनची छोटी डिझेल गाडी, एकूण साडेपाच तासांच्या आसपास. राउमा लाइन ११४ किलोमीटरची आणि १९२४ ची. पहिला अर्धा तास मी सँडविच खात होते. मग एकदम दरी उघडते आणि सँडविच हातातच राहतं. खाली हिरवी-निळी राउमा नदी, दोन्हीकडे काळ्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे. खंडाळ्याचा घाट जुलैत जसा दिसतो, तसा घाट कुणीतरी तिप्पट ताणलाय असं समजा. ५९ मीटर उंच दगडी पुलावर गाडी मुद्दाम हळू होते, म्हणजे आपल्याला फोटो काढता यावेत. पुलाचं नाव किलिंग. इंग्रजीच्या सवयीने मी दचकले, पण नॉर्वेजियनमध्ये किलिंग म्हणजे कोंबडीचं पिल्लू!

शेवटच्या टप्प्यात डाव्या हाताला ट्रोलवेगेन येते. ट्रोल वॉल. हजार मीटरहून जास्त उंचीचा उभा कडा, युरोपातला सर्वांत उंच. १९६५ पर्यंत तो कुणाला चढता आला नव्हता. त्या वर्षी नॉर्वेची आणि ब्रिटनची अशा दोन टीम्स एका दिवसाच्या फरकाने पोहोचल्या. पुढे लोकांनी त्यावरून पॅराशूट बांधून उड्या मारायला सुरुवात केली, इतके अपघात झाले की १९८६ मध्ये त्यावर बंदी आली. कड्याच्या माथ्यावर करवतीच्या दातांसारखी टोकं आहेत. स्थानिक सांगतात, हे ट्रोल्सचं लग्नाचं वऱ्हाड. रात्रभर नाचत-गात निघालेलं, वेळेचं भान राहिलं नाही, सूर्य उगवला आणि सगळ्यांचा दगड झाला. नवरदेवाचा सुळका वेगळा दाखवतात. मला आसनगावच्या माहुलीवरचे नवरा, नवरी आणि भटोबा आठवले. दगडात लग्न बघायची खोड आपल्यालाही आहेच की.

ओन्डाल्सनेस हे लाइनचं शेवटचं स्टेशन. गाव एवढंसं, पण २०२१ पासून तिथे डोंगरावर नेणारी गोंडोला आहे, त्यामुळे क्रूझवाल्यांची गर्दी असते. मी गोंडोला सोडून ट्रोलस्टिगेनची बस पकडली. ट्रोलस्टिगेन म्हणजे ट्रोल्सची शिडी. अकरा हेअरपिन वळणं, मध्ये ३०० मीटरच्या पुढचा स्टिगफोसेन धबधबा आणि रस्ता त्याच्यावरून दगडी पुलावरून जातो. आठ वर्षं खपून बांधलेला हा रस्ता राजा सातवा हाकोन याने १९३६ मध्ये सुरू केला. बस वळणावर इतकी बाहेर झुकते, की शेजारच्या जर्मन आजीबाईंनी माझा हात पकडला, तो वर जाईपर्यंत सोडला नाही. रस्त्याच्या कडेला सावधानतेची लाल त्रिकोणी पाटी आहे. आपल्याकडे त्यात गाय किंवा शाळेची मुलं असतात, इथे ट्रोल!

एक टिप : हा रस्ता फक्त उन्हाळ्यात खुला असतो, साधारण मेअखेर ते ऑक्टोबर. आणि ट्रोल्सचा मूड सांभाळावा लागतो. २०२४ च्या मोसमात कड्यावरून दगड कोसळायला लागले आणि रस्ता बंदच ठेवावा लागला. तेव्हा निघण्याआधी चेक करा.

दगड कोसळले की पूर्वी त्यांना भूगर्भशास्त्रज्ञ लागत नसे. शेताच्या मधोमध घराएवढा दगड पडलेला असेल, तर तो ट्रोलने फेकलेला. कुणावर? चर्चवर. ट्रोलला चर्चच्या घंटेचा आवाज सहन होत नाही. मात्र त्याचा नेम भयंकर वाईट, त्यामुळे चर्च शाबूत आणि दगड शेतात. हे मला सांगितलं मी जिथे राहिले त्या घरच्या आजींनी. सत्तरीच्या असतील, इंग्रजी ठणठणीत. रात्री साडेदहाला त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही कॉफी पीत होतो आणि आकाशात अजून उजेड होता. जूनमध्ये तिथे पूर्ण अंधार होतच नाही.

‘मग आत्ता ट्रोल्स कुठे असतात?’ मी विचारलं. ‘उन्हात दगड होत असतील, तर जूनमध्ये त्यांनी करायचं काय?’

त्या हसल्या. ‘जून तुमच्यासाठी. ट्रोल नोव्हेंबरचा. एकदा इथे नोव्हेंबरात येऊन राहा, दिवसभर डोंगराची सावली हलत नाही, मग विचार की ट्रोल आहे का.’

तेवढ्यात त्यांचा नातू अनवाणी बाहेर पळाला. आजींनी मागून हाक मारली, त्यात मला ‘ट्रोल’ ऐकू आलं. मी चमकून बघितलं. त्या म्हणाल्या, ‘ट्रोलउंगे. ट्रोलचं पिल्लू. लाडाने म्हणतात.’ म्हणजे आपल्याकडे आजी नातवाला ‘अरे माकडा’ म्हणते, तसं. याच शब्दाने नऊ महिन्यांपूर्वी आमच्या घरात फोन उलटे पडले होते.

मग मी त्यांना मोदकांची गोष्ट सांगितली. सगळी. बहिणीलाही एवढी सांगितली नव्हती. मोदक म्हणजे काय हे समजवायलाच दहा मिनिटं गेली, ते सोडा. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्यांना तुम्ही ट्रोल का म्हणता? आमच्याकडे फार पूर्वी उलटं होतं.’

उलटं म्हणजे कसं, ते मला ऑस्लोला परतल्यावर वाचून नीट कळलं. जुन्या नॉर्स भाषेत ‘ट्रोल’ हा काही एका प्राण्याचा शब्द नव्हता. राक्षस, भूत, चेटकीण, जादू जाणणारा कुणीही, जे आपल्यातलं नाही आणि ज्याची भीती वाटते ते सगळं ट्रोल. आजही नॉर्वेजियनमध्ये जादूगाराला ‘ट्रोलमान’ म्हणतात. आणि चेटुक या गुन्ह्याचं नाव होतं ‘ट्रोलडोम’. पार उत्तरेला बॅरेंट्स समुद्राकाठी वार्डो नावाचं मच्छीमारांचं बेट आहे. १६१७ च्या नाताळात तिथे अचानक वादळ उठलं आणि चाळीस पुरुष बुडाले. काही वर्षांनी खटले सुरू झाले. वादळ बायकांनी जादूने आणलं, असे आरोप. एकीला पकडायचं, छळ करून तिच्याकडून आणखी नावं काढायची, मग त्यांना पकडायचं. त्या शतकात फिनमार्क प्रांतात ९१ जणांना मारण्यात आलं, बहुतेक बायका. २०११ पासून वार्डोला त्यांचं स्मारक आहे. पीटर झुमथोर या आर्किटेक्टने लांबच लांब काळोख्या बोळात ९१ छोट्या खिडक्या ठेवल्यात, प्रत्येकीत एक दिवा. शेजारच्या दालनात लुईझ बुर्ज्वा या शिल्पकर्तीची खुर्ची आहे, तिच्यातून सतत ज्वाळा येतात. मी तिथे जाऊ शकले नाही, ते फारच लांब आहे. पण फोटो बघत बराच वेळ बसले. तेव्हा ट्रोलडोमचा शिक्का बसायचा एकटीवर, आणि मारायला यायची गर्दी. आज गर्दीलाच ट्रोल म्हणतात. नाव इकडून तिकडे गेलं, गर्दी होती तिथेच आहे.

मग आपला हा इंटरनेटवाला ट्रोल आला कुठून? इथे खरा ट्विस्ट आहे. त्याचा या डोंगरातल्या ट्रोलशी मुळात संबंधच नाही! इंग्रजीत ‘ट्रोलिंग’ ही मासेमारीची एक पद्धत आहे. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत न्यायचा आणि मासा तोंड घालतो का बघायचं. (आपल्या कोकणातला ट्रॉलर वेगळा, तो जाळं ओढतो.) १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनेटवर शहरी दंतकथांवर गप्पा मारणारा एक गट होता. तिथले जुने मेंबर्स मुद्दाम एखादा चावून चोथा झालेला प्रश्न टाकायचे, नवखे तावातावाने उत्तर द्यायला धावायचे आणि जुने गालात हसायचे. हे ट्रोलिंग. गळ टाकणं. मराठीत आपण हे आधीपासून म्हणतोच, ‘अमका गळाला लागला’. पुढे गळ टाकणाऱ्यालाच लोक ट्रोल म्हणायला लागले, आणि त्या शब्दात पुलाखालचा राक्षस आयताच बसलेला होता. तोच तो, तीन बोकडांच्या गोष्टीतला, पुलावरून खूर वाजले की ‘कोण आहे रे?’ म्हणून ओरडणारा. ती गोष्टही आस्ब्योर्नसन आणि मूच्याच पुस्तकातली. दोन वेगळे शब्द एकमेकांना चिकटले, ते सुटायला तयार नाहीत. नॉर्वेतही आता इंटरनेटवरच्या उपद्रव्याला ‘नेटट्रोल’ म्हणतात. आपण मराठीत त्याचे ट्रोलभैरव आणि ट्रोलधाड केले, ते मला मूळ शब्दापेक्षाही बरे वाटतात. भैरव आणि धाड म्हटलं की संख्या कळते.

आणि तो सल्ला, खायला घालू नका? नॉर्वेच्या गोष्टींमध्ये नेमकं उलटं आहे. आस्केलाड नावाचा घरातला सगळ्यात धाकटा, बावळट समजला जाणारा मुलगा ट्रोलशी जेवणाची पैज लावतो. अंगरख्याखाली पिशवी बांधतो, खीर गुपचूप तिच्यात ओततो. पिशवी भरली की सुरीने तिला चीर देतो आणि म्हणतो, बघ, पोट फाडलं की आणखी मावतं, दुखत नाही काही. ट्रोल विश्वास ठेवतो आणि स्वतःचं पोट फाडून घेतो. म्हणजे ट्रोलला खायला घाला, भरपूर घाला, फक्त पिशवी बांधून बसा. मला हे जमलं असतं का? मुळीच नाही. मी त्या आठवड्यात बेडशीट डोक्यावर घेऊन झोपले होते.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट याहून जुनी आहे. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १३ व्या शतकात लिहून ठेवलेली. ब्रागी नावाचा कवी रात्री जंगलातून गाडी हाकत चाललेला असतो. अंधारात एक ट्रोलीण त्याला अडवते आणि कवितेतच विचारते, कोण जातंय? आधी स्वतःची ओळख सांगते, मला काय काय म्हणतात आणि मी काय काय गिळते, सगळं. मग ब्रागीही कवितेतच सांगतो, कवी म्हणजे कोण. झालं. मारामारी नाही, दगड नाहीत. दोघांनी आपापली नावं सांगितली. माझ्या आईला फोन करणाऱ्यांपैकी एकानेही नाव सांगितलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा कार्ल योहानवर गेले आणि एक ट्रोल घेतला. मुठीत मावेल एवढा, लाकडी, बिनझेंड्याचा. किंमत सांगत नाही, तुम्ही हसाल.

आईने तो चष्मा लावून सगळीकडून बघितला. शेपटी ओढून बघितली.

‘हाच का तो?’

‘हाच.’

‘आणि हा उन्हात दगड होतो म्हणालीस?’ तिने त्याला उचललं आणि गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी, जिथे सकाळी पहिलं ऊन येतं तिथे नेऊन ठेवलं. अजून तिथेच आहे. कावळे त्याला घाबरत नाहीत.

मोदकांबद्दल मी त्यानंतर कुठेच लिहिलं नव्हतं. हा लेख पाठवायच्या आधी तिला पूर्ण वाचून दाखवला, फोन नंबरचा भागसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘७.५२ नव्हे गं, ७.४८. आणि सारणात जायफळ घालते मी, ते लिही.’